शेवटच्या तारखेला साइट का बसते? पांझरेचा पाट आणि नेटवर्कची बँडविड्थ

हेडफोन लावून बसमध्ये असाल, जिममध्ये असाल किंवा आमच्या जळगावच्या उन्हात पंख्याखाली पडले असाल, तुमचं स्वागत. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखा इथे लिहून टाकलाय. बोलता बोलता जे 'अं... म्हणजे...' झालं ते काढलंय, बाकी जसंच्या तसं.

आजचा विषय बँडविड्थ. थांबा, लगेच पुढे सरकवू नका. हा विषय कंटाळवाणा वाटतो, पण माझ्या घरात यावरून एक मुलगी रडली आहे, आणि चूक माझी होती. ती गोष्ट आज पहिल्यांदाच सगळ्यांसमोर सांगतोय.

तर झालं असं. मी एका कंपनीत नेटवर्कचं काम बघायचो. राहायला जळगावात, काम घरून. आमच्याकडे एका प्रवेशाच्या ऑनलाइन फॉर्मचं पोर्टल सांभाळायला होतं. कुठलं पोर्टल, कुठली कंपनी, हे सांगत नाही. फॉर्मची शेवटची तारीख होती, वेळ संध्याकाळी सहापर्यंत.

चार वाजून चाळीस मिनिटांनी माझ्या मामेबहिणीचा फोन. ती धुळ्याला, बस स्टँडजवळच्या एका सायबर कॅफेत बसलेली. मामांचं गाव साक्री तालुक्यात, पांझरेच्या काठी. गावात रेंज धड येत नाही म्हणून ती सकाळीच एसटीने धुळ्याला आली होती. म्हणाली, "दादा, तीन तास झाले. कागदपत्रं अपलोडला टाकली की गोल गोल फिरतं आणि मग एरर येतो. तूच बघतोस ना हे? काहीतरी कर ना."

मी म्हटलं, "थांब गं, सर्व्हरवर लोड असेल. परत परत ट्राय करत राहा."

हा सल्ला किती वाईट होता, ते पुढे सांगतो. आधी बँडविड्थ म्हणजे काय ते दोन मिनिटांत समजून घेऊ.

आपण सगळे म्हणतो, "नेटचा स्पीड." पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. एक म्हणजे रस्ता किती रुंद आहे, म्हणजे एका सेकंदात किती माल जाऊ शकतो. ही बँडविड्थ. दुसरी म्हणजे पहिली गाडी पोचायला किती वेळ लागतो. ही लेटन्सी.

उदाहरण घ्या. रावेरहून केळीचा ट्रक मुंबईला निघाला, दहा तास लागले. आता केळीऐवजी त्यात १०० टीबी भरतील इतक्या हार्ड डिस्क ठेवा. हिशेब केला तर दर सेकंदाला साधारण २२ गिगाबिट माल गेला! तुमच्या घरच्या १०० एमबीपीएसच्या फायबरच्या दोनशे वीस पट. म्हणजे ट्रकची बँडविड्थ जबरदस्त. पण त्या ट्रकवर व्हिडिओ कॉल करून बघा. "हॅलो" म्हटल्यावर उत्तर वीस तासांनी. ही लेटन्सी. हा विनोद नाही बरं का, प्रचंड डेटा हलवायचा असेल तर मोठ्या क्लाउड कंपन्या आजही डिस्कचे डबे कुरिअरने मागवतात.

फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. जळगाव ते मुंबई अंदाजे चारशे किलोमीटर धरा. जाऊन येऊन आठशे, म्हणजे नुसत्या प्रवासाला ४ मिलिसेकंद. यापेक्षा कमी कोणीच करू शकत नाही, कितीही महाग प्लॅन घ्या. बँडविड्थ पैसे देऊन वाढवता येते. अंतर पैसे देऊन कमी होत नाही.

आणखी एक गोंधळ इथेच मिटवू. कंपनी '१०० एमबीपीएस' म्हणते ते मेगाबिट. तुमची फाइल मेगाबाइटमध्ये असते. एका बाइटमध्ये ८ बिट. म्हणजे १०० एमबीपीएसच्या लाइनवर सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइट. "मला फसवलं" म्हणून कस्टमर केअरला भांडायच्या आधी एकदा आठने भागून बघा.

आता परत त्या संध्याकाळकडे.

पाच वाजले. ऑफिसच्या ग्रुपवर धुमाकूळ. सगळे म्हणतायत, सर्व्हर कमी पडले, सर्व्हर वाढवा. दोन सर्व्हर वाढवले. काही फरक नाही. मी आलेख उघडले. सर्व्हरचा प्रोसेसर किती वापरात? वीस टक्के. मेमरी निम्मी रिकामी. बाहेरून येणारी इंटरनेटची लाइन १० जीबीपीएसची, तीही जेमतेम भरलेली. म्हणजे दुकानात नोकर रिकामे बसलेत, दरवाजा मोकळा आहे, आणि गिऱ्हाईक मात्र बाहेर रडतंय. मग अडकलंय कुठे?

आमची मांडणी अशी होती. वेबसाइटचे सर्व्हर मुंबईत. पण विद्यार्थ्यांनी अपलोड केलेली कागदपत्रं ठेवायची जागा, म्हणजे स्टोरेज, दुसऱ्या शहरात. या दोघांच्या मध्ये एक खासगी लाइन, १ जीबीपीएसची. ती कोणाच्या डोळ्यासमोरच नव्हती. मी तिचा आलेख उघडला आणि पोटात गोळाच आला.

आलेख कसा असतो माहितीये का? नेहमीच्या दिवशी सातपुड्याच्या रांगेसारखा. वर जातो, खाली येतो, सुळके, दऱ्या. त्या दिवशी दुपारी दोनपासून तो एकदम सपाट होता. तोरणमाळच्या पठारासारखा. हे वाक्य लक्षात ठेवा, इंटरव्ह्यूत कामाला येईल: आलेखाला सपाट माथा दिसला की समजायचं, मागणी संपलेली नाही, वाट संपलीये.

आता हिशेब करू. १ जीबीपीएस म्हणजे सेकंदाला १२५ मेगाबाइट. एका विद्यार्थ्याची सहा कागदपत्रं. मोबाइलवर फोटो काढला की एकेक सहज ४ एमबीचा. सहा चोक चोवीस. १२५ भागिले २४, म्हणजे सेकंदाला पाच फॉर्म. मिनिटाला तीनशे. तासाला अठरा हजार. हे सगळं सुरळीत असेल तर! हा भागाकार पाचवीतलं पोरगं करेल. आमच्यापैकी कोणीच तो केला नव्हता.

पण त्या दिवशी मिनिटाला तीनशेसुद्धा जात नव्हते. कारण दुपारी दोन वाजता त्या लाइनवर आणखी कोणीतरी बसलं होतं. ते मीच बसवलेलं.

रोज रात्री नऊला मुंबईहून त्या दुसऱ्या शहरात आमचा बॅकअप जायचा. ४ टीबीचा. पूर्ण लाइन मिळाली तर नऊ तास, म्हणजे सकाळी सहाला संपायचा. आदल्या रात्री तो मध्येच फेल झाला. दुपारी मी ते बघितलं, आणि "चला, करून टाकू" म्हणून परत सुरू केला. कोणतीही मर्यादा न घालता. आणि जेवायला गेलो.

बॅकअपच्या सॉफ्टवेअरने ४८ कनेक्शन उघडली होती. फॉर्मच्या सॉफ्टवेअरने त्याच लाइनवर १६. नेटवर्कला हे कळत नाही की यातला बॅकअप कुठला आणि माझ्या बहिणीचा जातीचा दाखला कुठला. एकाच वाटेवरून जाणाऱ्या कनेक्शनांना साधारण सारखा वाटा मिळतो. ६४ पैकी ४८, म्हणजे तीन चतुर्थांश लाइन बॅकअपने खाल्ली. फॉर्मला उरली पाव लाइन. मिनिटाला तीनशेऐवजी पंचाहत्तर.

आणि इथून खरी वाट लागते. फॉर्मचं पान साठ सेकंद थांबायचं, तेवढ्यात अपलोड पुरा नाही झाला तर एरर दाखवायचं. आणि पोरं काय करणार? रिलोड. म्हणजे २४ पैकी २० एमबी पोचले होते ते वाया, आता परत शून्यापासून. लाइन पूर्ण भरून वाहतेय, पण त्यातून जाणारा बराचसा माल मेलेला. जितकं जास्त रिलोड, तितका जास्त मेलेला माल. आणि मी बहिणीला काय सांगितलं होतं? "परत परत ट्राय करत राहा."

हे काही आमच्याच बाबतीत झालं असं नाही. १९८६ सालच्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियात हेच घडलं. लॉरेन्स बर्कले लॅब आणि बर्कलेचं विद्यापीठ, दोघांमध्ये अंतर जेमतेम चारशे यार्ड. म्हणजे आपल्याकडे चालत पाच मिनिटं. त्यांच्यातली जोडणी सेकंदाला ३२ हजार बिटवरून घसरून चक्क ४० बिटवर आली. केबल तुटली नव्हती, मशीन बंद नव्हती. प्रत्येक कॉम्प्युटर "माझं पॅकेट पोचलं नाही वाटतं" म्हणून तेच परत पाठवत होता, आणि त्या गर्दीत नवीन काहीच पुढे सरकत नव्हतं. याला कंजेशन कोलॅप्स म्हणतात. साध्या मराठीत, कोंडी होऊन सगळंच बसणं.

व्हॅन जेकबसन नावाच्या संशोधकाने त्यावर उपाय शोधला आणि १९८८ मध्ये तो निबंध म्हणून छापला. उपायाचा गाभा अगदी साधा आहे. सुरुवातीला थोडंच पाठवा. पोच आली की वाढवा. पोच आली नाही की लगेच निम्म्यावर या, किंवा त्याहून खाली. गर्दी दिसली की जोर लावायचा नाही, मागे सरायचं. आज तुमच्या फोनमध्येही हाच विचार चालू आहे. मोठी फाइल डाउनलोडला टाकली की वेग आधी कमी असतो, मग चढतो, ते यामुळेच.

पण ही अक्कल आपल्याकडे त्याच्या फार आधीपासून होती, आणि तीसुद्धा धुळे जिल्ह्यात.

माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, पाटकरी होते. तुमच्यापैकी साक्रीकडच्या पोरांना फड माहीत असेल. बाकीच्यांसाठी सांगतो. पांझरा, मोसम अशा नद्यांवर शेकडो वर्षांपूर्वीपासून लोकांनी छोटे बंधारे बांधले. बंधाऱ्यातून पाट काढला, पाटातून चाऱ्या, चाऱ्यांतून शेतात पाणी. गावाची बागायत जमीन साधारण चार मोठ्या तुकड्यांत वाटलेली, तो एकेक तुकडा म्हणजे फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. यंदा कुठल्या फडाला पाणी द्यायचं, कुठला कोरडा ठेवायचा, हे नदीत पाणी किती आहे ते बघून गाव बसून ठरवायचं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, आपल्या शेताला पाणी आपण सोडायचं नाही. ते पाटकरी सोडणार, ठरलेल्या क्रमाने, ठरलेल्या वेळेत. कितीही मोठा शेतकरी असो, त्याने स्वतः जाऊन चारी फोडायची नाही. पाटावर पहारा द्यायला जागल्या. आणि पाणी जास्त झालं तर पाट फुटू नये म्हणून ते परत नदीकडे काढून द्यायची वाटही आधीच केलेली.

आता बघा. पाटाची रुंदी ठरलेली, म्हणजे बँडविड्थ. पाणी बघून आधी पीक ठरवायचं, म्हणजे नियोजन. पाटकऱ्याने पाळी लावायची, म्हणजे ज्याला आम्ही शेड्यूलिंग म्हणतो. एकट्याने सगळं ओढायचं नाही, ही मर्यादा, म्हणजे रेट लिमिट. जास्तीचं पाणी बाहेर काढायचं, म्हणजे झेपत नाही तेव्हा सरळ "आत्ता नाही, थोड्या वेळाने या" म्हणणं. आम्ही ज्यासाठी लाखो रुपयांचे बॉक्स विकत घेतो, ते काम आजोबा एक फावडं घेऊन करायचे.

मोठ्या सिस्टिममध्ये हेच चालतं, फक्त आकडे डोळे फिरवणारे असतात. १९ नोव्हेंबर २०२३, अहमदाबादची वर्ल्ड कप फायनल. निकालाची आठवण काढत नाही, जखम ताजी आहे. पण त्या दिवशी हॉटस्टारवर एकाच वेळी ५.९ कोटी प्रेक्षक होते. समजा एकेकाला २ एमबीपीएस लागले, तर एकूण झाले ११८ टेराबिट, दर सेकंदाला. एवढं सगळं एका इमारतीतून काढायचं म्हटलं तर पुढचा उपायच नाही.

मग करतात काय? माल गिऱ्हाइकाच्या जवळ नेऊन ठेवतात. दिल्लीच्या माणसाला केळी हवी तर तो रावेरला येतो का? नाही. वॅगन भरून केळी तिकडे जातात, तिथल्या गोडाऊनमध्ये पिकतात, आणि तो कोपऱ्यावरच्या गाडीवाल्याकडून डझनभर घेतो. तसंच मॅचचा व्हिडिओ एकदा शहरातल्या, तुमच्या इंटरनेट कंपनीच्या जवळच्या सर्व्हरवर येतो, आणि तिथून हजारो लोकांना वाटला जातो. याला सीडीएन म्हणतात. लांबचा अरुंद रस्ता एकदाच वापरायचा, जवळचा रुंद रस्ता हजारदा.

आणि तरीही कमी पडलं तर? तर रेशनिंग. २०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागलं, सगळा देश घरात. तेव्हा २४ मार्चला नेटफ्लिक्स, यूट्यूब, हॉटस्टार वगैरे सगळ्यांनी मिळून ठरवलं की एचडी बंद, मोबाइलवर ४८०पीच्या वर जायचं नाही, १४ एप्रिलपर्यंत. पाणी कमी आहे, यंदा ऊस नाही, ज्वारी लावा. फड पद्धत!

डेटा सेंटरच्या आतही असंच. एका कपाटात चाळीस सर्व्हर, प्रत्येकाला २५ गिगाबिटची वायर. बेरीज एक हजार गिगाबिट. पण कपाटातून बाहेर जायला चार वायरी, शंभर-शंभरच्या. म्हणजे चारशे. हजारांना चारशे. हे मुद्दाम केलेलं असतं, कारण सगळे एकदम बोलत नाहीत हा भरवसा. लग्नात हजार पत्रिका वाटल्या तरी एका वेळी चारशेच पानं मांडतात ना, तसं. पण ज्या दिवशी सगळे एकदम जेवायला बसतात, त्या दिवशी कळतं. आमची शेवटची तारीख म्हणजे तो दिवस होता.

तर, पाच वाजून पस्तीस मिनिटांनी मी बॅकअप थांबवला. पण लगेच सुरळीत झालं नाही. तीन तासांची रिलोडवाली गर्दी दारात उभी होती. ती ओसरेपर्यंत सहा वाजून गेले. फॉर्म आपोआप बंद झाला.

बहिणीचा फॉर्म गेला नाही.

तिने फोनवर काहीच म्हटलं नाही, नुसती रडली. मग साक्रीची बस धरली. मुदत वाढवल्याचं रात्री उशिरा जाहीर झालं, ते तिला दुसऱ्या दिवशी कळलं. परत धुळे, परत कॅफे. मामांची मजुरी बुडाली, कारण या वेळी ते सोबत आले होते. फॉर्म भरला गेला, पुढे प्रवेशही झाला. पण त्या दिवशी असे किती जण असतील, ज्यांना मुदत वाढल्याचं कळलंच नसेल? तो आकडा माझ्या कुठल्याच आलेखात नाही.

महिन्याभराने गावाला गेलो. मामांना सगळं खरं सांगितलं. बॅकअप, लाइन, मर्यादा, सगळं. त्यांना निम्मं कळलं असेल. ते ऐकत होते. मग एवढंच म्हणाले, "पाटवर कोनीच नव्हता का रे भाऊ?"

नव्हता ना मामा. पाटकरी मीच होतो, आणि मी जेवायला गेलो होतो.

त्यानंतर आम्ही काय बदललं, ते पटकन सांगतो. जे या क्षेत्रात जाणार आहेत त्यांनी लिहून घ्या.

एक, बॅकअपला कायमची मर्यादा. दिवसा लाइनच्या दहा टक्क्यांच्या वर जायचं नाही. दोन, फॉर्मच्या वाहतुकीला पहिला मान, बाकी सगळे मागे. तीन, फोटो विद्यार्थ्याच्या फोनमध्येच लहान करायचा. ४ एमबीचा ३०० केबी झाला, तरी दाखला स्वच्छ वाचता येतो. या एका बदलाने तीच लाइन तेरा पट रुंद झाल्यासारखी झाली, एक रुपया न घालता. चार, तुटलेला अपलोड जिथे थांबला तिथूनच पुढे सुरू. पाच, गर्दी झाली तर पान सरळ सांगतं, "तुमचा नंबर इतका, थांबा." सहा, लाइन ७० टक्के भरली की फोन वाजतो. माझाच.

आणि आता तुमच्यासाठी, जे फक्त फोन वापरतात.

साइट अडकली तर दणादण रिलोड करू नका. पहिल्यांदा एक मिनिट थांबा, मग दोन, मग चार. आणि ग्रुपवर ठरवून सगळ्यांनी एकाच ठोक्याला दाबू नका, पुढे-मागे करा. कागदपत्रं आधीच लहान करून ठेवा, पण नाव आणि शिक्का वाचता येतोय ना ते बघा. शेवटच्या तारखेची संध्याकाळ टाळा, सकाळी लवकर उठून भरा. घरी नेट मंद वाटलं तर आधी बघा, कोणाच्या तरी फोनचे हजार फोटो क्लाउडवर चढतायत का. आणि एरर आला तर स्क्रीनशॉट काढा, तारीख-वेळेसकट. मुदत वाढवून मागताना तोच पुरावा असतो.

पोर्टल चालवणाऱ्यांना एकच विनंती. तो पाचवीतला भागाकार आधी करा. कागदावर, शेवटच्या तारखेच्या महिनाभर आधी. गोल गोल फिरणाऱ्या चक्राच्या पलीकडे कोणीतरी एसटीचं तिकीट काढून आलेलं असतं.

तर मंडळी, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्यासोबत फॉर्म भरताना असं काही झालं असेल तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात घेऊ. छोटी पाठवा बरं का, बँडविड्थ वाचवा! हा भाग दहावी-बारावीच्या भावंडांना नक्की ऐकवा. आणि हो, माझी ती मामेबहीण आता कॉम्प्युटरचंच शिकतेय. परवा फोनवर मला विचारत होती, "दादा, तुमच्या त्या लाइनचा आलेख आज बघितला का?"

बघितला गं. रोज बघतो.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, राम राम!